नवीन वर्षात बायबल वाचायचं ठरवलंय? लेवीयात अडकायच्या आधी हे वाचा

३१ डिसेंबरच्या रात्री आमच्या चर्चमध्ये साडेदहाला वॉच नाईट सुरू होते. गाणी होतात, साक्षी होतात, कुणाला यंदा बाळ झालं, कुणाचं ऑपरेशन सुखरूप पार पडलं, आणि बाराला पाच मिनिटं कमी असताना पाळकसाहेब सगळ्यांना गुडघे टेकायला सांगतात. एकदम शांत. बाहेर कुणीतरी घाई करून आधीच फटाके लावलेले असतात. मग घंटा वाजते, सगळे उठतात, सलाम सलाम, हॅपी न्यू इयर, ताटातली वचनाची (म्हणजे बायबलमधलं एक वाक्य लिहिलेली) चिठ्ठी उचलायची, चहा, केक, नाताळच्या उरलेल्या करंज्या, आणि थंडीत गाडी काढून घरी जाताना जवळपास प्रत्येकाच्या डोक्यात एकच असतं की यंदा अख्खं बायबल वाचून काढायचं.

मी हे लागोपाठ तीन वर्षं ठरवलं. तिन्ही वर्षं फेब्रुवारी बघितला नाही.

मी सिस्टर आहे, म्हणजे हॉस्पिटलातली, कॉन्व्हेंटातली नाही. जन्म ख्रिस्ती घरातला, मूळ नगरकडची, आता चिंचवडला. संडे स्कूलमध्ये पाठांतराची बक्षिसं घेतली पण स्वतःहून शास्त्र उघडून बसायची सवय पस्तिशीपर्यंत नव्हती, हे कबूल करते. त्यामुळे हे लिहिताना दोन प्रकारची माणसं डोळ्यासमोर आहेत, एक जी विश्वासात खरंच नवीन आहेत, आणि दुसरी माझ्यासारखी, जी जुनी समजली जातात म्हणून त्यांना साधं काही विचारायचीही लाज वाटते.

आधी सामान सांगते, फार नाही:

- एक छापील बायबल, मराठी, अक्षर डोळ्याला झेपेल एवढं
- शंभर पानी वही, कुठलीही, मुलांच्या शाळेतली उरलेली चालेल
- शिसपेन्सिल (स्केचपेन आणि हायलायटर नको, बायबलचा कागद पातळ असतो, रंग मागच्या पानावर उतरतो आणि मागचं वचन वाचता येत नाही, माझं योहानाचं दुसरं पान असंच गेलं)
- गजराचं साधं घड्याळ, मोबाईलमधला गजर नाही, का ते पुढे सांगते

१) अख्खं बायबल एका वर्षात, हे आधी डोक्यातून काढा

गणित करून बघा. प्रोटेस्टंट बायबलात ६६ पुस्तकं आहेत, ३९ जुन्या करारात आणि २७ नव्यात, आणि सगळे मिळून ११८९ अध्याय. रोज तीन आणि रविवारी पाच वाचले तर वर्षात पूर्ण होतात, हा हिशोब खूप जुना आहे आणि बरोबर आहे. आता याच हिशोबाने १ जानेवारीला सुरुवात करा. उत्पत्तीचे ५० अध्याय मस्त जातात, अब्राहाम, याकोब, योसेफ, गोष्टीच गोष्टी. निर्गमाचे ४० आहेत, त्यातले पहिले वीस दमदार आणि नंतर निवासमंडपाच्या (उपासनेच्या तंबूच्या) फळ्या, कड्या, पडद्यांची मापं सुरू होतात तिथे वेग कमी होतो. हे नव्वद संपतात २७-२८ जानेवारीला, आणि समोर येतं तिसरं पुस्तक, लेवीय. होमार्पण, अन्नार्पण, शांत्यर्पण, पापार्पण, दोषार्पण. चरबी कुठली जाळायची, रक्त कुठे शिंपडायचं. दिवसभर ड्युटी करून आलेलं माणूस रात्री अकराला हे वाचत बसलंय आणि कशासाठी वाचतोय ते सांगायला शेजारी कुणी नाही. माझी गाडी तिन्ही वेळा इथेच बंद पडली, एकदा तर पाचव्या अध्यायात बायबल छातीवर तसंच ठेवून झोपले आणि सकाळी ते पलंगाखाली सापडलं.

वाईट त्याचं नाही. वाईट हे की गाडी बंद पडली की मनात बसतं, आपल्याला जमत नाही, आपला विश्वासच कच्चा. आणि मग बायबल पुढच्या ३१ डिसेंबरपर्यंत कपाटात. विश्वास कच्चा वगैरे काही नसतं हो, प्लॅन चुकीचा असतो. नव्या माणसाने पहिल्या वर्षी नवा करार धरावा, येशूपासून सुरू होणारा भाग. त्यात २६० अध्याय आहेत, आणि वर्षात ५२ आठवडे, म्हणजे आठवड्याला पाच दिवस रोज एक अध्याय, बरोब्बर २६०. शनिवार-रविवार मोकळे, राहिलेलं भरून काढायला. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी कॅलक्युलेटर काढून खात्री केली होती.

२) कुठलं बायबल घ्यायचं

चर्चमध्ये जे वाचतात तेच घरी असलेलं बरं, नाहीतर रविवारी पाळकसाहेब एक वाचतात आणि तुमच्या पानावर दुसरेच शब्द. बहुतेक मराठी प्रोटेस्टंट मंडळ्यांत बायबल सोसायटीचं ‘पवित्र शास्त्र’ चालतं. भाषा थोडी भारदस्त आहे, ‘तेव्हा असे झाले की’ अशा वळणाची, आठवड्याभरात सवय होते. कॅथलिक असाल तर तुमच्या बायबलात ७३ पुस्तकं असतील, घाबरू नका, चुकीचं बायबल दिलेलं नाही, जुन्या करारात सात पुस्तकं जास्त असतात. वसईकडच्या लोकांना सांगायला नको, फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं ‘सुबोध बायबल’ आहे, सोप्या मराठीत आणि सोबत समजावून सांगणारं, ते शेजारी ठेवायला कुणालाही उपयोगी आहे, मी प्रोटेस्टंट असून वापरते.

भाषा कठीण वाटते म्हणून लाज वाटायचं कारण नाही. पंडिता रमाबाईंना पण हेच वाटलं होतं की साध्या बायकांना समजेल असं मराठी बायबल पाहिजे, म्हणून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि केडगावला आपल्या मुक्ती मिशन या संस्थेत बसून अख्ख्या बायबलाचं भाषांतर केलं. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या, पुस्तक १९२४ मध्ये बाहेर आलं, आणि छापायचं काम मुक्ती मिशनमधल्या बायकांनीच केलं. संस्कृतची एवढी मोठी पंडिता, तिने शेवटची वर्षं सोपं लिहिण्यात घातली. असो, विषय लांबतोय.

मोबाईल ॲप वाईट नाहीत. यूव्हर्जनचं फुकट आहे, त्यात मराठी आहे, बसमध्ये, लोकलमध्ये फार उपयोगाचं. मुलं इंग्लिश मीडियमची असतील आणि देवनागरी अडखळत वाचत असतील तर मराठी ऑडिओ बायबल लावा, सोबत बोट ठेवून वाचू द्या. पण सकाळच्या वाचनाला मोबाईल घेऊ नका असं माझं स्पष्ट मत आहे. गजर बंद करायला मोबाईल हातात घेतला की वर व्हॉट्सॲपचे सतरा मेसेज दिसतात, त्यातले नऊ ‘आजचे वचन’ असतात, गुलाबाच्या फोटोवर, ते बघता बघता वीस मिनिटं जातात आणि वचन वाचल्यासारखं वाटतं पण अध्याय एकही उघडलेला नसतो. म्हणून ते साधं घड्याळ.

३) वेळ ठरवा, पण तुमच्या आयुष्यातली

प्रत्येक प्रवचनात सांगतात, पहाटे उठा. मार्काच्या पहिल्याच अध्यायात आहे की येशू पहाटे अंधार असतानाच उठून एकांतात जाऊन प्रार्थना करत होता. खरंय. पण माझी नाईट असते तेव्हा पहाटे चारला मी चौदा पेशंटचं बीपी घेत असते. दोन वर्षं मी स्वतःला दोष देत बसले की माझी पहाट देवाला मिळत नाही. शेवटी एका म्हाताऱ्या पाळकीणबाईंनी सांगितलं, अगं तुझी पहाट म्हणजे तू उठशील तेव्हा. दुपारी दोनला उठतेस ना, तीच तुझी पहाट. एवढी साधी गोष्ट.

तर नियम एकच, वेळ घड्याळाला बांधू नका, रोज होणाऱ्या एखाद्या कामाला बांधा. माझी चहाला बांधलेली आहे. चहाचं आधण ठेवलं की बायबल ओट्याशेजारच्या टेबलावर उघडायचं, चहा हातात आला की वाचायचं. शिफ्ट कुठलीही असो, चहा चुकत नाही. कुणाची कंपनीच्या बसमधली पहिली पंधरा मिनिटं, कुणाचा मुलांचा डबा भरून झाल्यानंतरचा वेळ. पंधरा मिनिटं पुरे, दहा वाचायला आणि पाच प्रार्थनेला. सुरुवातीला एक तास ठरवणारे लोक मी पुष्कळ पाहिलेत, १० जानेवारीनंतर नाही पाहिले.

जागेचं पण सांगते. मत्तय सहाव्या अध्यायात येशू सांगतो की प्रार्थना करताना आतल्या खोलीत जा आणि दार लाव. वन रूम किचनमध्ये कुठली आतली खोली? आमच्याकडे सासूबाई, दोन मुलं, टीव्ही. मी गॅलरीत कपड्यांच्या स्टँडमागे खुर्ची टाकते, ओल्या चादरीचं दार. मुलांना माहीत आहे, मम्मी चादरीमागे असेल तर हाक मारायची नाही, रक्त आलं असेल तरच.

४) जानेवारीत नेमकं काय वाचायचं

१ ते १६ जानेवारी मार्क वाचा. सोळाच अध्याय आहेत, चार शुभवर्तमानांत (येशूचं आयुष्य सांगणाऱ्या पुस्तकांत) सगळ्यात छोटं, आणि पळतं. वंशावळ नाही, लांब भाषणं कमी, एक घटना संपते तोवर दुसरी. पहिल्या दिवशी पहिला, दुसऱ्या दिवशी दुसरा, तारीख आणि अध्याय एकच, त्यामुळे खूण घालायची पण गरज नाही.

१७ तारखेला मार्क संपलेलं असतं. आता नीतिसूत्रे उघडा, त्यात ३१ अध्याय आहेत, आणि १७ तारखेला सतरावा अध्याय वाचा. अठराला अठरावा. असं ३१ जानेवारीला एकतिसावा येतो, सद्गुणी स्त्रीचा, जी पहाटे उठून घरच्यांना जेवण देते, शेत विकत घेते, कापड विकते. (हा अध्याय मदर्स डेला बायकांना ऐकवतात, पण मला तो वाचून नेहमी वाटतं की ही बाई झोपते कधी.) नीतिसूत्रांच्या बऱ्याचशा ओळी सुट्या असतात, त्यामुळे मधूनच सुरू केलं तरी बिघडत नाही, राहिलेले पहिले सोळा फेब्रुवारीत १ ते १६ तारखेला.

त्यानंतर आठवड्याला पाच-सहा अध्याय या वेगाने (नीतिसूत्रांत गेलेले दिवस भरून निघतात) लूक, प्रेषितांची कृत्ये, मग बाकीची शुभवर्तमानं आणि पत्रं. प्रकटीकरण, जगाच्या शेवटाच्या दृष्टान्तांचं शेवटचं पुस्तक, शेवटी, आणि एकट्याने नाही. ज्यांना पहिल्याच महिन्यात प्रकटीकरण उघडायची हौस असते त्यांची गाडी लगेच ६६६ हा आकडा कुठल्या बारकोडमध्ये लपलाय असल्या तर्कांवर जाते, मी जवळून पाहिलंय.

स्तोत्रं कुठे गेली असं विचाराल. ती प्रार्थनेत येतात, थांबा.

५) वाचायचं कसं

इथे सगळ्यात जास्त गोंधळ असतो. अध्याय वाचून झाला, डोळे पानावरून फिरले, विचारलं काय वाचलंस तर आठवत नाही. मी वहीत तीनच गोष्टी लिहिते, काय दिसलं, काय कळलं नाही, आणि आज त्याचं काय करू. बस. प्रत्येकी एक ओळ.

उदाहरण देते. मार्काच्या चौथ्या अध्यायाच्या शेवटी वादळाची गोष्ट आहे, लहानपणी फ्लॅनेलच्या फळ्यावर चित्रं चिकटवून शिकवलेली, त्यामुळे आपल्याला वाटतं सगळं माहीत आहे. मी वहीत ‘काय दिसलं’ लिहायचं म्हणून हळू वाचलं तर दिसली उशी. येशू नावेच्या मागच्या बाजूला उशीवर झोपलेला होता. हीच गोष्ट मत्तयात आहे, लूकात आहे, पण उशी फक्त मार्कात. दिवसभर गर्दीला शिकवून थकलेला माणूस, लाटा आत येतायत आणि त्याला जाग नाही. मी नाईट करून आल्यावर खाली गणपतीची मिरवणूक गेली तरी उठत नाही, ती झोप मला माहीत आहे. वीस वेळा ऐकलेल्या गोष्टीत येशू माणूस होता हे मला त्या उशीने सांगितलं. ‘काय कळलं नाही’ मध्ये लिहिलं की सोबत दुसऱ्याही होड्या होत्या असं लिहिलंय, त्यांचं पुढे काय झालं? अजून माहीत नाही. प्रश्न तसाच ठेवलाय, वहीत प्रश्न राहिला तरी चालतो.

आणि तिसरी ओळ. शिष्य त्याला उठवतात ते कसे? गुरुजी, आम्ही बुडतोय, तुम्हाला काहीच काळजी नाही का? हे चक्क भांडण आहे. हात जोडून नाही, स्तुतीने सुरुवात करून नाही. तो मागून त्यांना भित्रे म्हणतो हे खरं, पण आधी उठतो आणि वारा थांबवतो. त्या दिवशी मी लिहिलं: आज देवाला खरं बोलायचं. त्या महिन्यात माझ्या भावाची नोकरी गेली होती आणि मी रोज त्याच्यासाठी अगदी सभ्य शब्दांत प्रार्थना करत होते.

अजून एक. अध्यायांचे आकडे मूळ लिखाणात नव्हते, तेराव्या शतकात घातले गेले, आणि नव्या कराराला वचनांचे आकडे १५५१ साली छापील आवृत्तीत आले. म्हणजे अध्याय संपला म्हणून विषय संपतोच असं नाही. एखादा अध्याय अर्धवट वाटला तर पुढच्याच्या चार ओळी वाचून टाका, नियम मोडत नाही.

६) प्रार्थना कशी करायची

नवीन लोकांना वाटतं प्रार्थनेची वेगळी मराठी असते. हे दयाघन, कृपावंत, स्वर्गीय पित्या, आम्ही तुझ्या चरणी लीन होऊन, अशी. चर्चमध्ये ज्येष्ठ मंडळी तशी करतात, त्यांच्या तोंडात ती शोभते, त्यांनी आयुष्य घातलंय. तुम्ही घरी बोलता तसं बोला. नगरकडचे असाल तर नगरी बोला, मालवणीत बोला, वाडवळीत बोला.

अजिबात सुचत नसेल तर दोन आधार आहेत. एक, प्रभूची प्रार्थना, ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’. ती पाठ असते म्हणून आपण अर्ध्या मिनिटात म्हणून मोकळे होतो. एकेका ओळीवर थांबा. ‘आमची रोजची भाकर आज आम्हांला दे’ इथे थांबून आज घरात काय लागणार आहे ते सांगा, फी, गॅस, गुडघ्याचं औषध, काहीही. ‘आमची ऋणे आम्हांला सोड’ इथे आलं की कुणाशी बोलणं बंद आहे ते आठवतंच. एक प्रार्थना करायला पाच मिनिटं सहज लागतात.

दुसरा आधार स्तोत्रसंहिता. १५० स्तोत्रं आहेत, त्यात रडणं आहे, राग आहे, तक्रार आहे, आभार आहेत. ११७वं दोनच वचनांचं आहे, ज्या दिवशी काहीच जमत नाही त्या दिवसासाठी. ११९व्याला १७६ वचनं आहेत, ते एका बैठकीत प्रार्थना म्हणून घेऊ नका, गाडी परत बंद पडेल. नव्या वर्षाला ९०वं घ्या, मोशेची प्रार्थना आहे ती, आयुष्य गवतासारखं सकाळी उगवतं आणि संध्याकाळी सुकतं, आमचे दिवस मोजायला शिकव असं त्यात मागितलंय. माझ्या आजीला अक्षरओळख नव्हती, पण २३वं आणि १२१वं तोंडपाठ होतं. संध्याकाळी कंदील लावला की सगळ्यांना बसवायची, आधी एक भजन, मग २३वं, आणि मग गावातल्या प्रत्येक आजारी माणसाचं नाव, त्यात आमच्या शेजारच्यांची म्हैस पण असायची. ‘मला काही उणे पडणार नाही’ हे ती घरात ज्वारी संपलेली असताना पण त्याच आवाजात म्हणायची, तेव्हा मला ते कळायचं नाही.

प्रार्थनेच्या यादीबद्दल सावध राहा. जानेवारीत आपण उत्साहात सगळ्यांना सांगतो, तुमच्यासाठी प्रार्थना करीन, आणि पंधरा दिवसात यादी साठ नावांची होते. मग ती हजेरी घेतल्यासारखी वाचली जाते. वारांत वाटून टाका, सोमवार घरचे, मंगळवार ऑफिसचे, बुधवार आजारी लोक, असं. मी वहीत डाव्या बाजूला तारीख आणि विनंती लिहिते आणि उजवी बाजू मोकळी ठेवते, उत्तर आलं की तिथे तारीख. आमच्या ड्युटी हँडओव्हरच्या रजिस्टरसारखं, काय दिलं, काय पेंडिंग. पेंडिंगच जास्त असतं हे आधीच सांगते. भावाच्या नोकरीपुढची जागा चौदा महिने कोरी होती.

७) वचनाच्या चिठ्ठीचा सापळा

वॉच नाईटला ताटातून उचललेली चिठ्ठी लोक वर्षभर पाकिटात ठेवतात, फ्रिजवर लावतात. गोड प्रथा आहे, मी पण उचलते. पण ते वचन जिथलं आहे तो अध्याय त्याच आठवड्यात उघडून वाचा. एका वर्षी मला यिर्मया २९:११ आलं, देवाचे माझ्याविषयीचे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत, असं. त्या वर्षी प्रमोशनची यादी लागणार होती, मी धरूनच चालले. प्रमोशन झालं नाही आणि मार्चमध्ये मी ती चिठ्ठी रागाने फाडली.

नंतर कधीतरी अख्खा अध्याय वाचला. ते पत्र आहे, यिर्मया संदेष्ट्याने यरुशलेमेतून बाबेलला (बॅबिलोनला) पकडून नेलेल्या लोकांना लिहिलेलं. तिथले खोटे संदेष्टे सांगत होते की लवकरच सुटका, बॅगा भरा. आणि यिर्मया लिहितो, घरं बांधा, बागा लावा, मुलांची लग्नं करा, ज्या शहरात नेलंय त्या शहरासाठी प्रार्थना करा. आणि अकराव्या वचनाच्या बरोब्बर आधी, दहाव्यात, काय आहे? सत्तर वर्षं. सत्तर वर्षं झाल्यावर परत आणीन. म्हणजे हे पत्र ऐकणाऱ्यांपैकी बहुतेक जण ते बघायला जिवंत राहणार नव्हते. मला त्या चिठ्ठीवर सत्तर वर्षं कुणी छापली नव्हती. अध्याय वाचल्यावर ते वचन मला आधीपेक्षा जास्त जवळचं झालं, पण प्रमोशनसाठी नाही.

८) एकट्याने करू नका

घरचं वाचन आणि मंडळी दोन्ही लागतं. चर्चला पहिल्यांदा जाणार असाल तर थोडं सांगून ठेवते. सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), मेथॉडिस्ट, कॅथलिक, मुक्ती फौज (साल्व्हेशन आर्मी), पेंटेकॉस्टल, प्रत्येकाची पद्धत वेगळी, कुठे छापील उपासना वाचतात, कुठे टाळ्या वाजवून तासभर गाणी. मेथॉडिस्ट मंडळ्यांत वर्षाच्या सुरुवातीला कराराची उपासना असते, म्हणजे देवाला दिलेला शब्द सगळे मिळून पुन्हा देतात, त्या पंथाचा मूळपुरुष जॉन वेस्ली याने १७५५ मध्ये लंडनला सुरू केलेली, जमलं तर ती एकदा बघाच. गावाकडे बऱ्याच ठिकाणी चपला बाहेर काढतात, बायका डोक्यावर पदर किंवा ओढणी घेतात, दारातच बघून घ्या बाकीचे काय करतायत. गाण्याचा नंबर फळ्यावर असतो, ‘उपासना संगीत’ हे गीतांचं पुस्तक शेजाऱ्याकडे मागा, त्यात रेव्हरंड टिळकांची पदं सापडतील, ती चाल ऐकली की परकं वाटत नाही. दानाची थैली फिरेल, टाकलंच पाहिजे असं नाही. प्रभुभोजनाच्या (भाकर आणि द्राक्षरस देतात त्या) वेळी बाप्तिस्मा झालेला नसेल तर जागेवर बसून राहा, कुणी वाईट समजत नाही, आणि नंतर पाळकसाहेबांना भेटून सरळ विचारा.

आठवड्यातून एकदा कुणाच्या तरी घरी प्रार्थनासभा असते तिथे जा, नवीन माणसाला चर्चपेक्षा ती सोपी जाते कारण तिथे प्रश्न विचारता येतात. आणि प्रार्थनेला एक जोडीदार धरा. १९०५ च्या जानेवारीत रमाबाईंनी मुक्तीमध्ये रोजच्या प्रार्थनेसाठी मुली आणि बायका एकत्र बसवायला सुरुवात केली, जून उजाडेपर्यंत त्या शेकड्यांनी रोज जमत होत्या आणि तिथलं संजीवन (आत्मिक जागृती) नंतर सगळीकडे गाजलं. मला शेकडो नकोत, माझी एकच मैत्रीण आहे, गुरुवारी फोन करते, आज वाचलंस का? नाही म्हटलं तरी ओरडत नाही. तेवढ्यावर माझं निम्मं वर्ष चालतं.

आता इशारा, हा गंमतीने नाही. प्रार्थनेचे पैसे मागणारा, तेलाची बाटली विकणारा, तुमच्यावर शाप आहे म्हणून घाबरवणारा कुणीही असेल तर उठून या. आणि औषध बंद करा, विश्वास ठेवा, असं सांगणाऱ्याचं तर अजिबात ऐकू नका. आमच्या वॉर्डात एक बाई आल्या होत्या, कुणीतरी इन्सुलिन बंद करायला सांगितलेलं, साखर पाचशेच्या वर. त्या वाचल्या, पाय वाचला नाही. शुभवर्तमान लिहिणाऱ्या लूकाला पौल कलस्सैकरांच्या पत्रात प्रिय वैद्य म्हणतो, त्याने काही वैद्यकी सोडायला लावलेली नाही. गोळी घ्या आणि प्रार्थना पण करा.

९) खंड पडेल तेव्हा

पडणारच. घरात लग्न निघतं, मूल तापतं, डबल ड्युटी लागते. चार दिवस गेले की माणूस विचार करतो, आधी मागचे चार अध्याय भरून काढू मग पुढे, आणि त्या चाराचे आठ होतात, आणि आठ झाले की बायबलकडे बघायला पण नको वाटतं, कर्जाच्या हप्त्यासारखं. मागचं सोडून द्या. आज जी तारीख आहे तिथून उघडा. सुटलेले अध्याय कुठे पळून जात नाहीत, पुढच्या वर्षी भेटतील. आणि १ तारखेचीच वाट बघू नका, मंगळवारी दुपारी पण सुरू करता येतं. जानेवारी पूर्ण वाया गेलाच तर फेब्रुवारीत किंवा मार्चच्या सुरुवातीला राखेचा बुधवार येतो, ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा पहिला दिवस, तिथून ईस्टरपर्यंत रविवार सोडून चाळीस दिवस, तेव्हा मार्क दोनदा वाचून होतो.

लेवीयाचं राहिलंच. चौथ्या वर्षी नवा करार संपवून ऑक्टोबरात मी ते मुद्दाम उघडलं, नाईटला, वॉर्ड शांत होता. तेराव्या अध्यायात आले. अंगावर चट्टा दिसला तर याजकाने तपासायचा, केस पांढरे झालेत का, खोल गेलाय का, शंका असेल तर माणसाला सात दिवस वेगळं ठेवायचं, सातव्या दिवशी परत बघायचं, पसरला नसेल तर अजून सात दिवस. मी हसायलाच लागले, अरे हे तर आमचं आयसोलेशन, नोंदीसकट. ज्या पुस्तकाला तीन वर्षं घाबरले त्यात माझीच ड्युटी लिहिलेली. पुढे एकोणिसाव्यात ते वाक्य सापडलं, शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर. मला आयुष्यभर वाटत होतं ते मत्तयात पहिल्यांदा आलंय. तेवढ्यात सहा नंबरच्या आजोबांनी बेल वाजवली, पेन्सिल पानात ठेवून उठले.